नावांची उजळणी

एप्रिल सरता सरता फोन वाजायचा.
नमस्कार नाही, हवापाणी नाही,
"यादी झाली का गं?"
खिडकीबाहेर सस्कॅचेवानची सपाट जमीन,
कडेकडेने अजून मळका बर्फ,
आणि माझ्या टेबलावर आठशे बारा नावं,
आडनावांच्या क्रमाने, मुकी.

स्तेफानिया ह्रिहोरचुक. औषधविज्ञान, सत्तावन्नची तुकडी.
दीडशे किलोमीटर गाडी हाकत यायची,
डब्यात बिटाचं लोणचं, पर्समध्ये मऊ शिशाच्या पेन्सिली,
आल्या आल्या माझा फोन ताब्यात.
एकेका पोराला विचारायची,
"आई तुला हाक कशी मारते?
तशी मार. हळू. पुन्हा एकदा."
मग नावाच्या डोक्यावर बारीक आकडी,
खाली रेघ, कुठे नुसतं टिंब.
ती लिपी तिची एकटीची.
न्कोबिलेसाठी दोन रात्री तिने टाळूवर जीभ आपटली,
बाटलीचं बूच उडावं तसा आवाज निघेपर्यंत.
मासुस्कापोंचा मुलगा म्हणाला, "काहीही म्हणा, मला चालतं."
ती म्हणाली, "मला नाही चालत."

का, हे मी एकदाच विचारलं.
सत्तावन्न साली मंचावरच्या गृहस्थांनी
तिचं नाव तीनदा चाचपलं,
मग खोकले, आणि दिलं सोडून,
"मिस स्टेफनी एच."
सभागृहात हशा, बेताचा.
शेवटच्या रांगेत आई, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल.
इंग्रजी कळत नव्हतं तिला,
पोरीचं नाव तेवढं कळणार होतं.
ते आलंच नाही.
लोक उठून गेले तरी तिचे हात मांडीवर,
टाळीसाठी अर्धे उघडलेले.
हे सांगताना ती पेन्सिलीला टोक काढत होती.
टोक दोनदा मोडलं.

औषधांचं दुकान विकलं, तो सगळा पैसा इथे दिला.
कुलगुरू नकाशा घेऊन तिच्या घरी गेले,
नव्या इमारतीला तुमचं नाव लावू म्हणाले.
"नावं काय, बाटल्यांना जन्मभर लावलीत मी."
त्या पैशांतून आता तिकिटं निघतात,
घरून वाईट बातमी आलेल्या पोरांची,
रात्री दोन वाजतासुद्धा.
अर्ज नाही, पुरावा नाही.
गेलेल्या माणसाचं नाव मात्र तोंडाने सांगायचं,
आणि आम्ही ते वहीत लिहायचं, नीट, विचारून.
तिसरी वही चालू आहे.

विद्यापीठाचं नाव काढणारे पुष्कळ झाले,
जिन्याच्या भिंतीवर चौकटीत लटकलेत.
हिने दुसऱ्यांची नावं काढली,
घशातून, नाकातून, टाळूवरून,
विहिरीतून भरली बादली काढावी तशी,
न हिंदकळू देता.

यंदा तिची नजर गेली.
यादी माझ्या हातात आली,
आणि यादीच्या शेवटी, मानद पदवीखाली,
तीच.
तीन आठवडे मी फ्रीजसमोर उभी राहून घोकत होते.
'ह' छातीतून, मग जिभेची थरथर,
मग 'चुक' असं, की चूक वाटू नये.
नवरा कंटाळला.
कुत्रा त्या नावाला उठून यायला लागला.

म्हटलं शेवटी. माइकमध्ये, न अडखळता.
टाळ्या थांबेनात.
दोघांनी धरून तिला मंचावर आणलं,
तिचा चेहरा शेवटच्या रांगेकडे वळलेला,
जिथे आता तिला काहीच दिसत नव्हतं.
मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू,
एखाद्या शाबासकीची.

ती माझ्या कानाशी वाकली.
"माझं ठीक होतं.
पण त्या त्सेगायेचा शेवटचा स्वर तू गिळलास.
आई आली असेल त्याची, इतक्या लांबून.
आज रात्री फोन कर त्याला."